पावसाळी ट्रेकला गेटर्स घ्यावेत का? आधी पाणी कुठून शिरतं ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोपरखैरण्याला राहतात आणि पावसाळ्यात जवळपास दर रविवारी कर्नाळा, माहुली, पेब अशा कुठल्यातरी किल्ल्यावर जातात. बूट वॉटरप्रूफ म्हणून घेतले, तरी तासाभरात आत पाणी खेळायला लागतं. परतीच्या लोकलमध्ये मोजे काढले की तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले. गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीला गुंडाळायची कापडी आवरणं, लावले तर पाय कोरडे राहतील का, आणि घ्यायचे तर कुठले?

जुलैच्या मुसळधार पावसात दिवसभर पाय कोरडे ठेवील असं गेटर मिळत नाही. तेवढ्यासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. पण रिमझिम, गुडघाभर ओलं गवत, भातखाचरांच्या बांधावरचा चिखल, घसाऱ्यातले बारीक खडे आणि सप्टेंबरनंतरची कुसळं, इथे गेटर चांगलं काम करतं. हिमालयातल्या बर्फात तर त्याला पर्याय नाही. म्हणून गेटर चांगलं की वाईट हे विचारण्याआधी तुमच्या बुटात पाणी कुठल्या वाटेने येतं ते बघा. गेटर त्यातली एकच वाट बंद करतं, ती म्हणजे बुटाच्या वरच्या तोंडाची.

बाकीच्या वाटा अशा. बुटाचं वरचं कापड, विशेषतः जाळीचं असेल तर. जीभ आणि बाजूचं कापड यांच्यातली फट: चांगल्या बुटात जीभ दोन्ही बाजूंनी शिवून घडी घातलेली असते, स्वस्त बुटात ती खाली दोन-तीन इंचच शिवलेली असते. तळवा आणि वरचा भाग जिथे चिकटवलेला असतो तो जोड. आणि शेवटची, जी कोणी धरतच नाही, ती म्हणजे तुमचा घाम.

घरीच तपासता येतं. बाथरूममध्ये घमेल्यात चार-पाच सेंटीमीटर पाणी घ्या. सुके मोजे आणि बूट घालून, गेटर न लावता, त्यात दहा मिनिटं उभे राहा आणि मधूनमधून टाचा उचला, कारण बूट वाकल्यावरच जोडातली भेग उघडते. पाणी बुटाच्या तोंडापर्यंत पोचलेलं नाही, तरीही मोजा ओला झाला तर दोष तळव्याच्या जोडात किंवा कापडात आहे. तिथे गेटर काही करू शकत नाही. मोजा कोरडा निघाला तर पुढची चाचणी. नेहमीची ट्रेकची पँट घाला, बूट तसेच ठेवा आणि गुडघ्यावर मगाने पाणी ओतत राहा, पाचेक मिनिटं. बहुतेकांचा मोजा घोट्यापासून खाली भिजत जातो. म्हणजे पाणी पँटवरून उतरून बुटाच्या तोंडातून शिरतं. तुमचं असं होत असेल तर गेटर घ्यायला हरकत नाही.

आता यातली खरी मेख. नुसतं गेटर लावून वरून पाऊस घेतला तर पाणी पँटवरून खाली येतं, गेटरच्या वरच्या पट्ट्यापाशी पोचतं आणि पँटचं कापड ते आत ओढून घेतं. तिथून मोज्यात, मोज्यातून बुटात. वरचा पट्टा कितीही आवळा, कापड पाणी ओढणारच. जास्त आवळलात तर फक्त पोटरीला रग लागेल. म्हणून पावसात क्रम कौलांसारखा हवा: वरचं खालच्याच्या बाहेरून. म्हणजे रेनपँट गेटरच्या वरून खाली सोडायची, गेटर बुटाच्या वरून. पाऊस नसताना, फक्त ओलं गवत आणि चिखल असताना मात्र पँट गेटरच्या आत. तिथे पाणी खालून आणि बाजूने येत असतं, आणि पँटची खालची कड चिखलाने जड होऊ द्यायची नसते. हा फरक न कळल्यामुळे बरेच जण एकदा गेटर वापरून ते कपाटात टाकतात.

हाफ पँट घालून चालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. उघड्या पोटरीवरून ओघळणारं पाणी पट्ट्याखालून सहज उतरतं. तिथे गेटर खडे आणि चिखल अडवेल, पाणी नाही.

आता घामाचं. जुलैत ठाणे-नवी मुंबईच्या आसपासच्या डोंगरांत हवा दमट आणि उबदार असते. हवा आत-बाहेर जाऊ देणारं म्हणून विकलं जाणारं महागडं कापड वाफ बाहेर टाकतं ते आतल्या आणि बाहेरच्या बाष्पाच्या दाबातल्या फरकावर. बाहेरची हवाच बाष्पाने गच्च भरलेली असेल तर फरक उरतो थोडा, आणि वाफ आतच पाण्याचे थेंब होऊन बसते. त्यामुळे थंड, कोरड्या हवेत उत्तम वागणारं गेटर माहुलीच्या चढावर तासाभरात आतून ओलं लागतं, आणि माणसाला वाटतं की गळतंय. उपाय साधा आहे. चढाला पाऊस थांबलेला असेल तर पुढची वेल्क्रो वरून अर्धी उघडी ठेवा. दर विश्रांतीला ती पूर्ण उघडा आणि पाच-दहा मिनिटं वारा लागू द्या. पठारावर किंवा गवतात शिरताना पुन्हा बंद करा. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी मेंब्रेनच्या, म्हणजे अशा वाफ सोडणाऱ्या कापडाच्या, गेटरवर जास्त पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. साधं, पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं नायलॉन पुरतं. तेच पैसे बुटांवर घाला.

बुटांबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. वॉटरप्रूफ बुटात एकदा वरून पाणी शिरलं की ते बाहेर जात नाही. जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही तेच बाहेरही जाऊ देत नाही. मुसळधार पाऊस आणि वाटेत ओढे, अशा दिवसांत जाळीचा, पाणी निथळणारा, ओल्या कातळावर पकड असलेला बूट जास्त सुखाचा. पाय भिजणार हे धरून चालायचं आणि पाय कोरडे ठेवण्याऐवजी ते सडू न देण्याकडे लक्ष द्यायचं. अशा दिवशी गेटर सॅकमध्येसुद्धा नको. वॉटरप्रूफ बूट अधिक गेटर ही जोडी जूनच्या सुरुवातीला, उघडिपीच्या दिवशी आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दवभरल्या सकाळींसाठी ठेवा.

घ्यायचंच ठरलं तर उंची आधी ठरवा. घोट्याएवढं, साधारण १५ ते २० सेंटीमीटरचं, खडे आणि माती अडवतं. ओल्या गवतात निरुपयोगी. गुडघ्याखालपर्यंतचं, ३८ ते ४५ सेंटीमीटरचं, पाऊस, गवत आणि बर्फ या तिन्हींना चालतं. मधल्या उंचीचं घेऊन दोन्हीकडून अडकू नका. जाडीसाठी लेबलवर डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) बघा. २१० डेनिअरचं नायलॉन हलकं असतं पण करवंदीच्या जाळीत टिकत नाही. ४२० किंवा त्याहून जाड चांगलं, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला दुहेरी कापड हवं, कारण चालताना दुसऱ्या पायाचा बूट तिथेच घासतो. समोरून उघडणारं, रुंद वेल्क्रोचं घ्या. चेन असेल तर ती चिखलाने अडकते, आणि मागून उघडणारं गेटर बूट घातल्यावर चढवायचं म्हणजे कसरत.

माप पोटरीच्या सर्वांत जाड जागी, ट्रेकची पँट घालून घ्या. सैल गेटर पायाभोवती फडफडतं, उतरताना खाली सरकतं आणि एका पायाचं बक्कल दुसऱ्यात अडकून माणूस तोंडावर पडतो. म्हणूनच बकलं नेहमी बाहेरच्या बाजूला यायला हवीत. ती आत आली तर डावं-उजवं उलटं झालंय.

घालण्याचा क्रम. मोजा सरळ करून बूट घाला, नाडी नीट आवळा, दुहेरी गाठ मारून टोकं नाडीखाली खोचा. मोज्याची वरची कड गेटरच्या वरच्या पट्ट्याच्या खाली, पूर्ण आत राहिली पाहिजे. अर्धा इंच जरी बाहेर डोकावला तरी पाणी ओढत बसतो. मग गेटर पायाला गुंडाळा आणि पुढचा हूक नाडीच्या सर्वांत खालच्या, बोटांकडच्या आडव्या पदरात अडकवा. वरच्या पदरात अडकवला तर गेटर पुढून उचललं जातं आणि जिभेची फट उघडी पडते. वेल्क्रो खालून वर लावत या. त्यानंतर तळव्याखालचा पट्टा ओढा: तो टाचेच्या ठोकळ्याच्या पुढे जी खोलगट जागा असते तिथेच बसला पाहिजे. शेवटी वरचा पट्टा, आत एक बोट जाईल इतका. दहा मिनिटं चालून पुन्हा एकदा सगळं बघा, कारण ओलं झालं की पट्टा थोडा ढिला पडतो.

हा तळव्याखालचा पट्टा म्हणजे गेटरचा सर्वांत दुबळा भाग. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, धारदार. सपाट तळव्याच्या रनिंग शूजना टाचेपुढे खोलगट जागाच नसते, त्यामुळे पट्टा थेट दगडावर घासतो. काही तासांत कड उसवते, एक-दोन ट्रेकमध्ये तुटतो. त्याहून वाईट म्हणजे तोच गुळगुळीत पट्टा शेवाळलेल्या कातळावर तुमच्या आणि दगडाच्या मध्ये येतो आणि पकड जाते. सपाट तळव्याचे बूट असतील तर उंच गेटर लावूच नका. माहुली किंवा पेबच्या लोखंडी शिडीवर चढण्याआधी पट्टा सैल होऊन लोंबत नाही ना हे बघा; शिडीच्या गजात अडकलेला पट्टा म्हणजे पाय निघत नाही आणि मागे रांग. जवळ ३ मिलिमीटर जाडीची मीटरभर नायलॉनची दोरी ठेवा. पट्टा तुटला तर दोन्ही कड्यांतून ती ओवून गाठ बाहेरच्या बाजूला मारा. ही दोरीही झिजते, पण दिवस निभावतो.

ओढा ओलांडताना काय करायचं, हा पुढचा प्रश्न. घोट्याच्या जरा वर पाणी आणि रुंदी दोन-चार पावलांची असेल तर घट्ट लावलेलं गेटर आणि वॉटरप्रूफ बूट घालून झपझप पलीकडे जा. पाणी फटींतून आत पोचायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही पार झालेले असता. पाण्यात उभे राहून फोटो काढलात तर ही मुदत संपली. त्याहून खोल असेल तर गेटर आणि मोजे काढा, बुटातला सुट्टा इनसोलही काढा, बूट उघड्या पायांवर पुन्हा घालून नाडी बांधा आणि पार व्हा. पलीकडे बूट उलटा करून निथळवा, आत गमछा फिरवा, इनसोल आणि सुके मोजे घाला. अनवाणी ओढ्यात उतरू नका. तळाचे गोटे हलतात, घोटा मुरगळला तर उतरवणार कोण? पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ होऊन वाढत असेल तर पायांच्या कोरडेपणाचा विचारच सोडा आणि थांबा किंवा परत फिरा. वरच्या पठारावर पडलेला पाऊस खालच्या ओढ्यात काही मिनिटांत उतरतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.

मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, घडी पडते आणि तिथेच फोड येतो. पॉलिस्टर किंवा लोकरमिश्रित घ्या. चालण्याचा एक जोड, झिपच्या पिशवीत बंद केलेला एक सुका जोड, आणि सॅकमध्ये चपला. आसनगाव किंवा नेरळच्या स्टेशनवर पोचल्यावर पहिलं काम बूट काढण्याचं. तिथून ठाण्याला गाडी बदलून घरी पोचेपर्यंत दीड-दोन तास जातात, आणि तेवढा वेळ पाय उघडे राहिले तर ते पांढरेफटक तळवे घरी येईपर्यंत बरेचसे पूर्ववत होतात. निघण्याआधी टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिनचा पातळ थर लावला तर कातडी पाणी कमी शोषते. पावडर लावायची ती पाय पूर्ण सुकल्यावरच. ओल्या बेचक्यात तिचा लगदा होतो. दर रविवारी पाय भिजत असतील आणि आठवडाभर ऑफिसचे बंद बूट घालायचे असतील तर चिखल्या होणार. बेचक्यात खाज, पांढरी सोलपटं किंवा वास दिसला तर डॉक्टरांकडून बुरशीवरचं मलम घ्या आणि ते सांगतील तितके दिवस पूर्ण लावा. खाज थांबली म्हणून मध्येच सोडलं की पुढच्या ट्रेकला ती परत येते.

एक जरा विषयांतर. गेटर घातलं की साप चावला तरी बेहत्तर, असं काही दुकानांत ऐकवलं जातं. साधं नायलॉनचं गेटर त्यासाठी बनवलेलं नसतं. घोणसीच्या लांब दातांपुढे त्यावर भिस्त ठेवू नका. गवतात काठी आपटत चाला आणि जिथे नजर पोचत नाही तिथे हात-पाय घालू नका. जळवांचंही तसंच. आंबोली किंवा कोयनेच्या जंगलात जाणार असाल तर त्यांना अडवायला घट्ट विणीच्या कापडाचे, मोज्यावरून आणि बुटाच्या आत घालायचे लीच सॉक्स लागतात. गेटर आणि बूट यांच्यातल्या फटीतून जळू आरामात आत जाते.

ऐरोली-नेरूळच्या खाडीकाठी पक्षी बघायला जाणाऱ्यांनीही गेटर विकत घेऊ नये. खाडीचा गाळ बूटच ओढून घेतो, पट्टा आणि हूक चिखलात गाडले जातात, आणि खारट गाळ धातूचे भाग गंजवतो. तिथे गमबूटच बरे. आणि घोडबंदर रोडवर किंवा सायन-पनवेल मार्गावर तुंबलेल्या पाण्यात तर कोणतंही आवरण घालून मुद्दाम चालू नका. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि पायाला जखम किंवा चिखल्यांची भेग असेल तर धोका वाढतो. चालावंच लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि जखम असल्यास डॉक्टरांना लगेच विचारा.

हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकांठासारख्या बर्फाच्या ट्रेकला जाणार असाल तर तेच उंच गेटर कामाला येईल. तिथे बर्फ कोरडा असतो. तो बुटात शिरून मग वितळतो, म्हणून वरचं तोंड बंद केलं की पाय खरोखर कोरडे राहतात. वर्षातून एकदाच जाणाऱ्यांना पायथ्याच्या गावात भाड्याने मिळतात. मात्र घेताना वेल्क्रो धरते का आणि तळव्याचे पट्टे दोन्ही शाबूत आहेत का, हे दुकानातच बघून घ्या.

राहिली निगा. चिखल ओला असतानाच नळाखाली धुवा. वेल्क्रोच्या काट्यांत अडकलेलं गवत जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पुढच्या वेळी ती निम्म्या ताकदीने धरेल. वॉशिंग मशीन नको, कपडे मऊ करणारं द्रावण तर अजिबात नको. त्याने पाणी ओघळून जाण्याचा गुण जातो. सावलीत, आतली बाजू बाहेर करून वाळवा. बुटातून इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा. पहिले बोळे तासाभरात बदला, मग सकाळ-संध्याकाळ. पंख्याखाली ठेवा, गॅसजवळ किंवा कडक उन्हात नाही, कारण उष्णतेने तळव्याचा गोंद सुटतो. पावसाळ्यात पूर्ण सुकायला दोन दिवस धरा.

साठवताना आपल्या दमट हवेचा विचार करा. गेटरच्या आतलं पीयू कोटिंग आणि काही बुटांच्या तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर, दोन्ही ओलसर हवेत हळूहळू विघटित होतात. कोटिंग चिकट होऊन सोलतं, तळवा भुसभुशीत होऊन गळून पडतो. बूट नोव्हेंबरात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकला आणि जूनमध्ये काढून थेट डोंगरावर नेला, तर बाहेरून नवा दिसणारा तळवा चढावर तोंड उघडतो. म्हणून दोन्ही वस्तू उघड्या कपाटात, सैल घडी करून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बूट घालून फेरी मारा. मोसमातल्या पहिल्या ट्रेकआधी बुटाची टाच आणि चवडा हाताने वाकवून बघा आणि गेटरच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. चिकट लागलं तर कोटिंग गेलं. तळवा वाटेतच पुढून सुटला तर गेटरचा पट्टा तो धरू शकत नाही, कारण तो टाचेजवळ असतो. तेव्हा आधी सांगितलेली ती नायलॉनची दोरी चवड्याभोवती दोन वेढे घालून, गाठ बुटाच्या वर येईल अशी बांधा आणि पुढे न जाता तिथूनच उतरायला लागा.